घरातील समुद्राचा सूर्य

पोवळे ही वस्तू मराठी माणसाच्या चांगल्या परिचयाची आहे. नवरत्नांत तिला स्थान आहे; मंगळाचा खडा म्हणून ती बोटात घातली जाते, मंगळसूत्राच्या काळ्या मण्यांत ती शोभून दिसते आणि वैद्यांच्या कुपीत प्रवाळभस्म होऊन बसते. परंतु हे दागिन्यातले लाल पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातले. खडकांच्या कपारींत आणि खोल पाण्याच्या मंद उजेडात ते वाढते. सूर्याशी त्याचे फारसे देणेघेणे नाही. आज ज्या प्रवाळांविषयी मी बोलणार आहे, त्यांची रीत याच्या अगदी उलट आहे. लक्षद्वीप, अंदमान, मन्नारचे आखात, कच्छचे आखात, आणि आपल्या मालवणास सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचे उथळ पाणी, येथे जे प्रवाळ आढळतात ते प्रकाशावर जगतात. प्रकाश हेच त्यांचे अन्न, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती थोडीच होईल.

असे प्रवाळ घरातील काचेच्या टाकीत ठेवण्याचा छंद आता समुद्रापासून आठशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या दिल्लीतही येऊन पोचला आहे. ज्यांचे बालपण मुंबईत गेले, त्यांना मरीन ड्राइव्हवरचे १९५१ साली उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय आठवत असेल. त्या काळी समुद्राचे मासे पाहावयाचे म्हणजे तेथे जावयाचे. आज नोएडा-गुरुग्रामच्या उंच इमारतींतून एखाद्या दिवाणखान्यात सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट खोल अशी खाऱ्या पाण्याची टाकी दिसू लागली आहे. अशा टाकीत सुमारे ६८० लिटर पाणी मावते. म्हणजे काच, दगड आणि वाळू जमेस धरता पाऊण टनाहून अधिक भार एका भिंतीशी येऊन उभा राहतो. घराची जमीन हा भार पेलेल किंवा नाही, हे स्थापत्यविशारदाला आधी विचारून घ्यावे. माझा आजचा विषय मात्र टाकीच्या खाली काय असावे हा नसून तिच्या वर काय असावे, हा आहे. या घरगुती समुद्रावर सूर्य कोणता उगवावा?

प्रश्न छंदाचा आहे, म्हणून तो क्षुल्लक आहे असे समजू नये. त्यात शास्त्र आहे, खर्च आहे आणि शेवटी कायदाही आहे.

प्रथम शास्त्र पाहू. प्रवाळ हा प्राणी आहे, वनस्पती नव्हे. परंतु त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाले बिऱ्हाड करून राहतात. त्यांना झूझँथेली म्हणतात. ही शैवाले प्रकाशाच्या बळावर साखर तयार करतात आणि तिचा मोठा वाटा घरमालकाला देतात. मालक त्यांना आसरा देतो आणि आपल्या शरीरातील टाकाऊ द्रव्ये खत म्हणून पुरवितो. भाडेकरूने भाडे धान्याच्या रूपाने द्यावे, तसा हा व्यवहार आहे.

हा व्यवहार उमगावयास बराच काळ लागला. १९२८-२९ साली ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर सी. एम. यंग यांच्या नेतृत्वाखाली एक ब्रिटिश मोहीम गेली होती. तीत प्रवाळांना दीर्घकाळ अंधारात कोंडून पाहिले. त्यांच्या अंगातील शैवाले नाहीशी झाली, तरी बाहेरून अन्न मिळाल्यास प्रवाळ जिवंत राहिले. यावरून यंग यांनी असे अनुमान काढले की, प्रवाळाच्या पोषणात शैवालांना विशेष महत्त्व नसावे. पुढे १९५८ साली मस्कटाइन आणि हँड या दोघा संशोधकांनी किरणोत्सर्गी कार्बन वापरून दाखवून दिले की, शैवालाने तयार केलेले अन्न समुद्रपुष्पाच्या, म्हणजे प्रवाळाच्या जवळच्या आप्ताच्या, शरीरात प्रत्यक्ष जाऊन पोचते. १९५९ साली गोरो दांपत्याने आणखी एक गोष्ट सिद्ध केली. प्रवाळ आपला चुन्याचा सांगाडा अंधारापेक्षा उजेडात पुष्कळ वेगाने बांधतो. तेव्हा दिव्याची निवड ही शोभेची बाब नसून प्रवाळाच्या ताटात किती वाढावयाचे, याची निवड आहे.

आता प्रकाश मोजावा कसा? बाजारात दिवा घ्यावयास गेले की विक्रेता वॅट सांगतो. वॅट म्हणजे दिव्याने किती वीज खाल्ली याचे माप. त्याने प्रकाश किती दिला याचे नव्हे. दुसरा विक्रेता लक्सचे आकडे दाखवितो. लक्स हे माणसाच्या डोळ्याला किती उजळ दिसते याचे माप आहे, आणि आपला डोळा हिरव्या-पिवळ्या रंगाला सर्वांत अधिक जागरूक असतो. प्रवाळातील शैवालांची भूक मात्र विशेषतः निळ्या रंगाची. ४०० ते ५०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश ती चांगला ग्रहण करतात. समुद्राचे पाणी तांबडा रंग वरच्या काही मीटरांतच शोषून घेते आणि निळा खोलवर जाऊ देते. तेथे राहणाऱ्यांनी जे मिळते ते खाण्याची सवय लावून घेतली, यात नवल नाही. म्हणून निळसर दिव्यासमोर लक्समापक धरला तर तो दिव्याची योग्यता कमी लेखतो.

खरे माप वेगळेच आहे. ४०० ते ७०० नॅनोमीटर या पट्ट्यातील प्रकाशाचे किती कण दर चौरस मीटरवर दर सेकंदाला पडतात, ते मोजावे लागते. हे मोजमाप मायक्रोमोलमध्ये सांगतात. भर दुपारी, निरभ्र आकाशाखाली, उष्ण कटिबंधातील समुद्राच्या पृष्ठभागावर हा आकडा सुमारे २००० असतो. घरच्या टाकीत एवढ्याची गरज नसते. छत्राकार मृदू प्रवाळांना साधारणतः ७५ ते १५० पुरतात. चकतीसारखे पसरणारे जे प्राणी छंदिष्टांत मशरूम म्हणून ओळखले जातात, त्यांचे ३० ते ८० मध्येही भागते. उलट शाखायुक्त कठीण प्रवाळांना २५० ते ४०० द्यावे लागतात. हे आकडे अनुभवाचे आहेत, वेदवाक्य नव्हेत. परंतु त्यांतील अंतर ध्यानात घ्यावे. एकाला जे पक्वान्न, ते दुसऱ्याला अजीर्ण. शैवालांना पेलवेल त्याहून अधिक प्रकाश पडला की, त्यांच्यात विषारी ऑक्सिजनयुक्त द्रव्ये निर्माण होतात. त्यातच पाणी तापलेले असेल तर प्रवाळ त्या भाडेकरूंना घराबाहेर काढतो आणि स्वतः पांढरा पडतो. १९९८, २०१० आणि २०१६ साली लक्षद्वीपचे प्रवाळ असेच पांढरे पडले होते. अधिक प्रकाश म्हणजे अधिक सुख, हे समीकरण समुद्रातही खरे नाही आणि घरातही नाही.

दिव्यांचे मुख्य प्रकार तीन. पहिला मेटल हॅलाइडचा. हा जुना आणि बलदंड दिवा. त्याचा प्रकाश एका बिंदूतून येत असल्यामुळे लाटांच्या हालचालीबरोबर टाकीच्या तळावर उन्हासारख्या झिलमिल रेषा नाचतात. ते दृश्य मनोहर असते यात शंका नाही. दुसरा प्रकार टी-५ जातीच्या बारीक ट्यूबचा. तिचा प्रकाश सर्वत्र सारखा पसरतो, कोपरे अंधारात राहत नाहीत. पण ट्यूब दर नऊ ते बारा महिन्यांनी बदलावी लागते, कारण ती पेटत राहिली तरी तिचा रंग आणि जोर उतरत जातो. तिसरा प्रकार एलईडीचा. तेजस्वी निळा एलईडी १९९० च्या दशकात जपानमध्ये सिद्ध झाला. त्याबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले, ते या शोधामुळे जगाला पांढरा, काटकसरीचा दिवा लाभला म्हणून. जो निळा रंग माणसाच्या दिव्याला इतकी वर्षे दुर्लभ होता, तोच प्रवाळाच्या आवडीचा निघावा, हा मोठा गमतीचा योगायोग आहे.

दिल्लीपुरते बोलावयाचे तर या तिघांची परीक्षा दिल्लीची हवा घेते. सहा फुटी टाकीवर २५० वॅटचे तीन मेटल हॅलाइड दिवे लावले तर ७५० वॅट झाले. दिवसाचे नऊ तास धरले की पावणेसात युनिट. महिन्याला दोनशे युनिटांच्या वर. आणि ही वीज प्रकाशरूपाने दिसली तरी शेवटी तिची उष्णताच होते. मे-जूनमध्ये बाहेर ४४-४५ अंश तपमान असता दिवाणखान्यात नऊ तास साडेसातशे वॅटची शेगडी पेटवून ठेवावी आणि ती विझविण्यासाठी वातानुकूलन यंत्र व पाणी थंड करणारे चिलर चालवावे, हा प्रकार संसारी माणसाने विचारात घेण्याजोगा आहे. त्याच टाकीवर शंभर शंभर वॅटचे तीन एलईडी संच बसवून मृदू प्रवाळांसाठी ते निम्म्या जोराने चालविले, तर महिन्याला सुमारे चाळीस युनिटांत काम भागते.

येथे दिल्लीच्या ऋतूंचे एक वैशिष्ट्य सांगण्यासारखे आहे. पाण्यावर साधा पंखा सोडला तर बाष्पीभवनाने पाणी गार होते. मे महिन्यात, लू वाहत असता, हवा कोरडीठण्ण असते आणि हा उपाय उत्तम लागू पडतो. परंतु जुलैमध्ये पाऊस आला, हवा दमट झाली की पंखा निरुपयोगी ठरतो. ज्या कारणाने आपला कूलर मे महिन्यात आशीर्वाद वाटतो आणि ऑगस्टमध्ये शाप, तेच कारण येथेही आहे. म्हणून टाकीच्या उष्णतेचा हिशेब मे महिन्याच्या पाऱ्यावरून न करता श्रावणातल्या दमट हवेवरून करावा.

कोणी म्हणेल, एवढे दिवे कशाला? दिल्लीला ऊन काय कमी आहे? खिडकीशी टाकी ठेवली की झाले. हा विचार मोहक आहे, पण टिकत नाही. २१ जूनच्या माध्यान्ही दिल्लीत सूर्य क्षितिजापासून जवळजवळ ८५ अंश उंच असतो. दक्षिणेच्या खिडकीतून तो आत डोकावतही नाही. डिसेंबरात तो ३८ अंशांवर उतरतो आणि खोलीत दूरवर येतो. पण तेव्हा धुके आणि धूर यांचा पडदा आडवा असतो. शिवाय दिल्लीचा दिवस उन्हाळ्यात चौदा तासांच्या घरात आणि हिवाळ्यात सव्वादहा तासांचा. लक्षद्वीपचा दिवस वर्षभर साडेअकरा आणि पावणेतेरा तासांच्या दरम्यान असतो. प्रवाळाला इतक्या मोठ्या चढउताराची सवय नाही. तेव्हा वेळेवर उगवणारा आणि वेळेवर मावळणारा सूर्य घड्याळाच्या कळीवर बसविणेच इष्ट.

या घड्याळाची एक सोय नोकरदारांनी अवश्य घ्यावी. प्रवाळांना भारतीय प्रमाणवेळ ठाऊक नसते. त्यांचा सूर्योदय दुपारी एक वाजता आणि सूर्यास्त रात्री दहा वाजता केला, तरी ती तक्रार करीत नाहीत, आणि कचेरीतून सायंकाळी परतलेल्या गृहस्थाला आपला समुद्र भर दुपारच्या तेजात पाहावयास मिळतो. मात्र रात्र ही रात्रच असली पाहिजे. पाहुणे आले म्हणून अकरा वाजता पुन्हा दिवे लावणे बरे नव्हे.

काही व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. एलईडीचा एक संच साधारणपणे दोन फूट लांब व दोन फूट रुंद एवढ्या जागेला पुरतो. सहा फुटी टाकीला तीन घ्यावेत आणि पाण्यापासून वीस ते तीस सेंटिमीटर उंचीवर टांगावेत. दोन फूट खोल टाकीत प्रकाश घटतो तो पाण्याने शोषल्यामुळे थोडा आणि पसरल्यामुळे अधिक. पाणी पिवळट झाले तर मात्र ते निळा प्रकाश खाते. सक्रिय कोळशाने ते स्वच्छ ठेवावे. नवा दिवा प्रथमच पूर्ण तेजाने लावू नये. तिसऱ्या हिश्श्याने आरंभ करून काही आठवड्यांत हळूहळू चढवावा. खाऱ्या पाण्याचे तुषार आणि दिल्लीची धूळ यांचा थर दिव्याच्या काचेवर बसतो. तो दर पंधरवड्यास पुसावा, नाहीतर पैसे प्रकाशाचे आणि पुरवठा अंधाराचा, असे होते.

विजेच्या बाबतीत हयगय नको. खारे पाणी विजेचे उत्तम वाहक आहे. तीस मिलिअँपिअर गळती होताच प्रवाह तोडणारे यंत्र मंडलात असावे. तार बोर्डापर्यंत जाण्यापूर्वी खाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी बोर्डात न शिरता झोळातूनच खाली गळते. वीज गेली तर इन्व्हर्टरवर दिवा न लावता पाणी फिरविणारा पंप लावावा. एखादा दिवस उजेड न मिळाला तर प्रवाळ तग धरतो; काही तास प्राणवायू न मिळाला तर मासे तग धरीत नाहीत. मेटल हॅलाइडचा आणखी एक दोष येथे दिसतो. वीज जाऊन लगेच आली तरी तो दिवा थंड होईपर्यंत काही मिनिटे पुन्हा पेटत नाही. जेथे वीज आणि जनित्र यांचा लपंडाव नित्याचा, तेथे ही गोष्ट लहान नाही.

रंगाविषयी एक शब्द. गडद निळ्या प्रकाशात काही प्रवाळ हिरवे, नारिंगी, गुलाबी असे झळाळू लागतात. त्यांच्या अंगी असलेली प्रथिने निळा प्रकाश घेऊन दुसऱ्या रंगाचा परत देतात. जेलीफिशमधील अशाच हिरव्या प्रथिनाच्या शोधासाठी व विकासासाठी शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. दुकानात प्रवाळ नेहमी याच निळ्या उजेडात मांडलेले असतात. साडीचा रंग जसा दुकानाबाहेर, उन्हात नेऊन पाहावयाचा, तसाच प्रवाळही पांढऱ्या प्रकाशात पाहून घ्यावा. झळाळी ही आरोग्याची खूण असतेच असे नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांनी मला विचारले, "साहेब, सर्वांत शक्तिमान दिवा कोणता घेऊ?" मी त्यांना उलट विचारले, "त्याच्याखाली ठेवणार काय?" ते म्हणाले, "ते मग पाहू." श्रोतेहो, सारा धोका या 'मग पाहू'त आहे. आपल्याकडे 'नालेसाठी घोडे' अशी म्हण आहे. वाटेत नाल सापडली म्हणून माणसाने घोडा विकत घ्यावा, तसे येथे घडते. चारशे मायक्रोमोलचा दिवा एकदा छताला टांगला की, त्याच्याखाली साधे मृदू प्रवाळ ठेवणे माणसाला कमीपणाचे वाटू लागते. त्या दिव्याला साजेसा कठीण, शाखायुक्त प्रवाळ पाहिजे, असे मन सांगू लागते. आणि येथे कायद्याची सीमारेषा ओलांडली जाते.

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ सालचा. २००१ सालच्या जुलै महिन्यात त्याच्या पहिल्या अनुसूचीत खडक बांधणारे सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, बासरीच्या नळ्यांसारखे दिसणारे नलिकाप्रवाळ आणि समुद्रपंखे घालण्यात आले. म्हणजे या जीवांना कायद्याने वाघाच्या पंक्तीस बसविले आहे. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याबाबतच्या अपराधास किमान तीन आणि कमाल सात वर्षे कारावासाची तरतूद आहे. समुद्रातून खरवडून आणलेले 'जिवंत दगड'देखील बहुधा प्रवाळांचेच सांगाडे असतात. २०२२ च्या दुरुस्तीने आंतरराष्ट्रीय कराराखालील विदेशी जातींचीही स्वतंत्र अनुसूची झाली आणि अशा जिवंत प्राण्यांची नोंदणी करण्याचे नियम २०२४ साली आले. दुकानदार म्हणतो, "साहेब, सगळे चालते." वाघाचे पिल्लू दिवाणखान्यात पाळण्याचे धाडस आपण करणार नाही, मग ज्याला हाक मारता येत नाही, ओरडता येत नाही, त्या जिवाच्या बाबतीतच हा धीटपणा का?

कित्येकांना हा कायदा जाचक वाटतो. एक लहानसा तुकडा घरी आणला तर समुद्राचे असे काय बिघडते, असे ते विचारतात. उत्तर हिशेबाचे आहे. कित्येक गोल, भरीव प्रवाळ वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतात. मुठीएवढा गोळा छिन्नीने काढण्यास एक मिनिट लागते. तो घडावयास आठ-दहा वर्षे लागलेली असतात. विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरवर, भर समुद्रात, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखला जाणारा आंग्रिया बँक हा बुडालेला पठारी प्रदेश आहे. त्याच्या माथ्यावर, वीस-पंचवीस मीटर पाण्याखाली, निळ्या अंधुक प्रकाशात प्रवाळांचे उद्यान वाढले आहे. ज्यांनी ते कधी पाहिले नाही आणि पाहणारही नाहीत, अशा आपणा सर्वांच्या वतीने कायदा त्याची राखण करतो.

मग छंद सोडावा काय? तसे मी म्हणत नाही. कृत्रिम किंवा चिनी मातीचे दगड घ्यावेत. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विदूषक मासे बंदिस्त जागेत पैदा करण्याचे तंत्र सिद्ध केले आहे. असे पैदाशीचे मासे घ्यावेत. अनुसूचीत न येणारे मृदू प्रवाळ आणि मशरूम कागदपत्रे पाहून, पावती घेऊन, जमल्यास दुसऱ्या छंदिष्टाच्या टाकीत वाढलेले आणावेत. आणि मग, सर्वांत शेवटी, त्यांना पुरेल एवढाच दिवा विकत घ्यावा. हा क्रम पाळला तर दिवा लहान लागतो, वीज थोडी लागते, चिलर बहुधा वाचतो, आणि दाराशी कोणी अधिकारी येऊन उभा राहील ही धास्तीही वाचते.

आधी जीव ठरवावा, मग त्याचे अन्न, मग दिवा. प्रत्यक्ष निसर्गातही हाच न्याय आहे. प्रवाळाने आपली वस्ती जेवढा प्रकाश मिळतो तेवढ्यात बसविली. अधिक तेजाची हाव धरून ते कधी पाण्याबाहेर आले नाही. दिव्याच्या दुकानात शिरताना एवढे स्मरण ठेवले, तर आपल्या दिवाणखान्यातील तो सहा फुटांचा समुद्र खऱ्या समुद्राला न लुटता उजळेल.